काल इथेच होता

दुर्मिळ पक्ष्याची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे तो काल इथेच होता. चोचीचा रंग, पायांची लांबी, पंखांवरचे पट्टे हे सगळं पुस्तकात दिलेलं असतं. ही खूण मात्र कुठल्याच पुस्तकात नाही आणि ती कधी चुकत नाही. "काल ह्याच बाभळीवर होता, सकाळी साडेसातला. चांगला अर्धा तास बसला होता. फोटो दाखवू?" असं म्हणणारा एक गृहस्थ प्रत्येक पाणवठ्यावर नेमलेला असतो. तो फोटो दाखवतोच. फोटोत बाभूळ छान आलेली असते.

सरकारी हिशेबाने हा मोसम ५ नोव्हेंबरला सुरू होतो. त्या दिवशी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबरला सलीम अलींचा. मधल्या आठवड्याला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणतात. दोघेही थंडीच्या तोंडावर जन्मले, हे त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. मे महिन्यात जन्मले असते तर आपण आठवडाभर डोक्याला पंचा गुंडाळून कावळे मोजले असते.

सप्ताह संपतो, भाषणं संपतात आणि खऱ्या मंडळींचे रविवार सुरू होतात. एरवी दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा दाराची कडी न काढणारी माणसं पहाटे चारला अंधारात मोजे शोधताना दिसतात. शनिवारी रात्री निरोप आलेला असतो: 'भिगवण. पावणेपाच, स्वारगेट. पोहे डब्यात.' त्याखाली पाच अंगठे. लग्नाच्या मुहूर्ताला तासभर उशिरा पोचणारे हे पाचजण पावणेपाचला पाच कमी असताना हजर असतात आणि एकमेकांकडे नापसंतीने बघतात, कारण प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा लवकर आला असता तर आपण आत्तापर्यंत हडपसर ओलांडलं असतं.

गाडीत बसण्याचा क्रम ठरलेला आहे. गाडी चालवायला नवखा. गाडी त्याचीच असते, त्याला घ्यायचं मुख्य कारण तेच. त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर सहाशे मिलिमीटरची लेन्स. तिला बेल्ट लावलेला. मधल्या रांगेत लेन्सचे मालक, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि यादीवाले. मागच्या रांगेत तिपाई, पोह्यांचा डबा आणि मी.

यादीवाल्यांची ओळख करून द्यायला हवी. भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या आपल्या किती झाल्या, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नवा पक्षी पहिल्यांदा दिसला की त्याला लायफर म्हणतात. लायफर दिसला की खूण करायची, खूण केली की पक्षी संपला. लायफर झालेल्या पक्ष्याकडे यादीवाले पुन्हा बघत नाहीत. खंड्या, वेडा राघू, कोतवाल, नीलपंख ही सगळी देखणी मंडळी त्यांच्या लेखी पंचवीस वर्षांपूर्वी वारली आहेत.

सोलापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कवडीपाट येतं. इथे मुळा-मुठेवर एक जुना बंधारा आहे आणि त्यावरून पुण्याचं सांडपाणी फेस काढत पुढे जातं. त्या फेसात, प्लास्टिकच्या पिशव्यांमधून, लडाख-तिबेटकडून आलेले चक्रवाक शांतपणे पोहत असतात. हेच पाणी पुढे भीमेला मिळतं आणि उजनीच्या जलाशयात जातं. म्हणजे पुणेकर आठवडाभर इथून जे सोडतो, ते रविवारी शंभर किलोमीटर गाडी चालवून बघायला जातो. पक्षी हे निमित्त. जाता जाता कवडीपाटला थांबू या, असं नवखा सुचवतो. "तिथे काही नसतं," असं यादीवाले सांगतात. 'काही नसतं' म्हणजे दोनेक हजार पक्षी असतात, पण ते सगळे झालेले असतात.

भिगवणला पोचेपर्यंत तांबडं फुटतं. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. भीमेचं पाणी मागे पसरत गेलं, काठच्या गावांची शेतं पाण्याखाली गेली, शेतीच्या जागी मासेमारी आली आणि मासेमारीच्या मागून आम्ही आलो. कुंभारगाव, डिकसळ इथली नावाडी मंडळी आता मासे धरतात ते सवडीने. हिवाळाभर ती आम्हाला धरतात. आमच्या नावाड्याच्या आजोबांचं शेत आम्ही जिथे रोहित पक्षी बघतो बरोबर त्याच्याखाली आहे. तो हे सांगतो, पण कुरकुरीच्या सुरात सांगत नाही. तिकिटात धरलेली माहिती असावी तसं सांगतो आणि बांबू टाकतो.

होडीत बसण्यापूर्वी लेन्सवाले तयार होतात. त्यांच्याकडे पानाफुलांच्या नक्षीचं लष्करी जाकीट आहे, तशीच विजार, तशीच टोपी, आणि लेन्सलासुद्धा त्याच कापडाचं झबलं शिवलेलं. उद्देश असा की पक्ष्याला माणूस दिसू नये, झुडूप वाटावं. त्यावर नियमाप्रमाणे भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट घालावं लागतं. मग ते भगवं झुडूप निळ्या होडीच्या टोकाला उभं राहतं आणि मागे वळून आम्हाला सांगतं, हालचाल करू नका.

"सायेब, ऊन वर यायच्या आत फ्लेमिंगो करून घिऊ," नावाडी म्हणतो. "मग तुमचं ते चिखलातलं."

ह्या एका वाक्यात आमच्या छंदाची सगळी वर्णव्यवस्था आली. रोहित पक्षी खालच्या पायरीवर. ते उंच, गुलाबी, शेकड्यांनी उभे, लहान मुलालाही ओळखता येतील असे. यापेक्षा मोठा गुन्हा नाही. चोच उलटी करून पाणी गाळून खाणारा, शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गातल्या जिवांतून रंग मिळवणारा हा पक्षी खरं तर निसर्गाची विलक्षण करामत आहे, पण तो नवख्यासाठी. नवखा "अय्या" म्हणतो. इतर चौघं हसतात आणि आपण पहिल्यांदा काय म्हणालो होतो ते आठवू देत नाहीत.

दुसऱ्या पायरीवर पट्टकादंब. हे राखी-पांढरे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून उंच उडताना त्यांची नोंद झालेली आहे. माणूस तिथे प्राणवायूची नळकांडी लावून पोचतो आणि पुस्तक लिहितो. हा पक्षी तिथून येतो आणि इंदापूर तालुक्यात कुणाच्या तरी हरभऱ्यात चरतो. त्याला बघायला मुंबईचे लोक येतात आणि त्याला हाकलायला शेतकरी येतो.

सगळ्यात वरच्या पायरीवर चिखलातलं. इथे नियम सोपा आहे: पक्षी जितका मातकट, तितका मान मोठा. दोन बोटांएवढा, धुळीच्या रंगाचा, सतत पळणारा आणि आपल्यासारख्याच शंभर जणांत मिसळलेला पक्षी असला की जाणकारांचा श्वास रोखला जातो. यादीवाल्यांना त्या दिवशी टेमिंकचा टिलवा हवा होता. टिलवे दोन. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर. दोघंही पाय चिखलात घालून उभे राहतात.

"तो बघा, तो! एकटा आहे तो!" यादीवाले कुजबुजले. कुजबुज समोरच्या होडीपर्यंत पोचली.

"त्यो?" नावाडी म्हणाला. "त्यो रोजच असतोय की."

यादीवाल्यांचा चेहरा पडला. पक्षी रोज असतो, ह्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं नवख्याला वाटलं असेल. पण रोज दिसणाऱ्याला दुर्मिळ कसं म्हणायचं? नावाडी अनुभवी होता. त्याने दोन क्षण अंदाज घेतला आणि म्हणाला, "ह्या चार-पाच दिसातच आलाय. काल एक मुंबईचं सायेब आलं हुतं, त्यास्नी नाय गावला." यादीवाले एकदम सावरून बसले. मुंबईच्या साहेबांना न दिसणं हे पक्ष्याच्या किमतीत धरलं जातं.

हिवाळ्यातल्या पाहुण्यांची खरी अडचण वेगळीच आहे. हे लोक लग्नातला शालू तिकडेच पेटीत ठेवून इकडे घरच्या गाऊनवर येतात आणि पुस्तकात फोटो असतो शालूतला. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं इथे असताना पांढरं असतं. कानामागे शाईचा डाग पडावा तेवढा ठिपका. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकंही पांढरंच आणि कानामागे तसाच ठिपका. फरक बघायचा तो डोळ्यांत. तपकिरीचं बुबुळ फिकट, काळ्याचं गडद. शिवाय तपकिरीच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे चट्टे. हे सगळं उडत्या पक्ष्याचं, डुलत्या होडीतून, उन्हाकडे तोंड करून बघायचं. मार्चच्या सुमारास ह्या कुरवांची डोकी रंगायला लागतात, आणि ओळख पटण्याजोगी झाली रे झाली की मंडळी परत निघतात. रफ नावाच्या पक्ष्याच्या नराला विणीच्या काळात मानेभोवती पिसांची भलीमोठी झालर असते. भिगवणला तोच नर झालर न लावता, बदली होऊन आलेल्या कारकुनाच्या चेहऱ्याने काठाकाठाने फिरतो.

वटवट्यांबद्दल तर बोलूच नये. हिरवट, बारीक, पानांमागे. हे पक्षी कुणी पाहिलेले नाहीत. लोक पान हललेलं पाहतात आणि आवाजावरून भांडतात. हल्ली आवाज ओळखणारं ॲप आलं आहे. फोन हातात धरून उभं राहायचं, तो नावं सांगतो. मागे ताम्हिणीच्या जंगलात एका सकाळी ॲपने धडाधड पाच पक्ष्यांची नावं दाखवली तेव्हा यादीवाल्यांचे डोळे पाणावले होते. झाडावर एकच भृंगराज बसला होता. भृंगराज इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, हे ॲपला आणि यादीवाल्यांना एकाच वेळी आठवलं नाही.

आम्ही टिलव्याचे पाय चिखलातून वर येण्याची वाट बघत होतो, आणि तेवढ्यात पाणी उठलं. खरंच पाणी उठल्यासारखं झालं. हजारो बदकं, वारकरी, शेकाटे, कुरव एका दणक्यात हवेत. वरून बहिरी ससाणा आला होता. हा पक्षी सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. भिगवणला तो हिवाळ्यात असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण सूर दिसणं म्हणजे नशीब. नवखा उभा राहिला, होडी कलली, वहिनींनी त्याला बाह्यांना धरून खाली बसवला. नावाड्याने बांबू रोवून होडी स्थिर केली आणि बोटाने दाखवलं: तिथे, वर, डावीकडे, आता खाली. एका बदकाची पिसं हवेत उधळली. ससाण्याने झेप चुकवली की बदकाने, कळलं नाही. बदक पाण्यात बुडी मारून गेलं आणि ससाणा रिकाम्या पायांनी विजेच्या खांबाकडे गेला. सगळा मामला जेमतेम पाच-सहा सेकंदांचा.

लेन्सवाल्यांनी तेवढ्यात दीडशे फोटो घेतले. घरी गेल्यावर त्यातला एक रेकॉर्ड शॉट निघाला. ज्या फोटोत पक्षी आहे हे तोंडाने सांगावं लागतं, त्याला रेकॉर्ड शॉट म्हणतात.

यादीवाल्यांनी ह्या सगळ्या वेळात डोळ्यांवरची दुर्बीण टिलव्यावरून काढली नव्हती. बहिरी ससाणा त्यांचा १९९८ सालीच झालेला आहे. गडबडीत टिलवाही उडाला, पण उडताना त्याने शेपटीच्या बाहेरच्या कडा दाखवल्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. टेमिंकच्या टिलव्याच्या तशाच असतात. यादीवाल्यांनी डोळे मिटले, चिखलाला नमस्कार केला आणि नावाड्याला शंभर रुपये जास्त दिले. रोज असणाऱ्या पक्ष्याचे त्याला एवढेच मिळतात.

दुपारी माशाचं जेवण. भिगवणची चिलापी तव्यावर चुरचुरत येते. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, पण तो आणलेला असल्यामुळे त्याची खूण कुणी करत नाही, फक्त खातात. ताटावर विषय निघाला तो गटावर आलेल्या एका नोंदीचा. कुणीतरी कुठल्यातरी तळ्यावर काहीतरी भन्नाट पाहिलं होतं, एकट्यानं, फोटोविना. लेन्सवाल्यांचं मत पडलं की थाप आहे.

पक्षी बघण्याच्या छंदात थापेला फार थोर परंपरा आहे, हे मला तेव्हा सांगावंसं वाटलं, पण चिलापीत काटे असतात. इथे सांगतो. रानपिंगळा नावाचं एक लहानसं घुबड आहे. आपल्या मध्य भारतातलं, दुसरीकडे कुठेही न सापडणारं. १८८४ साली खानदेशात जेम्स डेव्हिडसन ह्या गोऱ्या अधिकाऱ्याने ते मिळवलं आणि त्यानंतर ते जे बेपत्ता झालं ते झालंच. मधे एकच पुरावा: रिचर्ड माइनर्ट्झहागन ह्या ब्रिटिश कर्नलचा नमुना. गुजरातेत मांडवीला १९१४ मध्ये मिळवला, अशी त्यावर चिठ्ठी. कर्नल मोठा माणूस, युद्धात गाजलेला, पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजलेला. संशय कोण घेणार? पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीला आलं की कर्नलसाहेब संग्रहालयातले जुने नमुने लांबवत, पुन्हा नीट भरत आणि त्यांवर स्वतःच्या नावाची, हव्या त्या गावाची आणि तारखेची चिठ्ठी लावत. त्यांचा रानपिंगळाही डेव्हिडसनच्याच नमुन्यांतला चोरलेला निघाला. आमच्या गटावरचे लोक निदान पक्षी तरी चोरत नाहीत.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उलगडली आणि मग साधा विचार केला: कर्नलची चिठ्ठी खोटी, तर मांडवीला शोधून काय उपयोग? जुन्या खऱ्या नमुन्यांच्या गावांकडे जाऊ. १९९७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे ऐन आपल्या मोसमात, त्या सहकाऱ्यांसह शहाद्याच्या बाजूला पोचल्या आणि रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी. तो सापडला तेव्हा कुठे दडून बसला नव्हता. भर उजेडात, उघड्या फांदीवर. हे घुबड दिवसाही फिरतं, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतं. पुढे ते मेळघाटात दिसलं, यावलला दिसलं, आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यातसुद्धा दिसलं.

ही गोष्ट ऐकली की माझ्या डोळ्यांपुढे रासमुसेनबाई येत नाहीत. शहाद्याच्या त्या जंगलात सरपणासाठी रोज जाणारी एखादी बाई येते. ११३ वर्षं जगाला न दिसलेलं घुबड तिच्या वाटेवरच्या झाडावर ऊन खात बसत असणार. तिने त्याला पाहिलं नसेल, असं कुठलं शास्त्र म्हणेल? तिने त्याची नोंद केली नाही एवढंच. आणि केली असती तरी तपशील मागितला असता.

तपशील मागण्याचं काम आता ईबर्डकडे आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेली ही नोंदवही आज आपल्याकडच्या गावोगावच्या यादीवाल्यांच्या खिशात आहे. तुमच्या भागात, त्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी लिहिलात की ती लगेच 'दुर्मिळ' म्हणून अडवते. मग कुणीतरी अत्यंत सभ्य परीक्षक लिहितो: आपण हा पक्षी मिळत्याजुळत्या इतर जातींपासून कसा वेगळा केलात ते कृपया कळवाल का? भाषा इतकी मऊ असते की माणूस रात्रभर झोपत नाही. यादीवाल्यांनी एका परीक्षकाला सात पानी उत्तर पाठवलं होतं, आकृत्यांसह. परीक्षकाने आभार मानले आणि नोंद नाकारली. परीक्षक पुढे एका संमेलनात भेटला. तेवीस वर्षांचा होता. यादीवाल्यांनी त्याला 'सर' म्हटलं.

ह्याउलट कधी कधी घरबसल्या धनलाभ होतो. शास्त्रज्ञ एका जातीच्या दोन जाती करतात आणि सकाळी उठल्यावर यादी आपोआप एकाने वाढलेली असते. म्हशीच्या पाठीवर बसणारा आपला गायबगळा घ्या. पूर्वी जगभर एकच होता. आता पूर्वेकडचा वेगळा, पश्चिमेकडचा वेगळा. लेन्सवाल्यांची मुलगी फ्लोरिडात असते. तिच्या अंगणातल्या हिरवळीवर बगळा दिसला होता आणि त्यांनी त्याचा सहज, नातवाच्या पाठीमागे आलेला, असा फोटो काढला होता. त्या फोटोवर त्यांना नवी जात मिळाली. यादीवाल्यांना परदेशात कुणी नाही. तेव्हापासून ते आपल्या भाच्याला शिकागोच्या एका विद्यापीठात अर्ज कर म्हणून मागे लागले आहेत.

परतीची वाट भिगवणहून बारामतीवरून, सुप्याच्या माळरानातून. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. राज्यातल्या अगदी लहान अभयारण्यांपैकी एक, चिंकारांचं. आम्ही त्याच्या बाहेरच्या उघड्या माळावर थांबलो. दुपारचे चार. गवत पिवळं, वारा कोरडा, दूर एक मेंढपाळ. हिवाळ्यात इथे मध्य आशियाकडून भोवत्या येतात, गवताच्या शेंड्यांवरून तरंगत शिकार शोधतात. धाविक पळतात, चंडोल आणि तीरचिमण्या ढेकळांत मिसळून बसतात आणि आपण ढेकळांचे फोटो काढतो. आणि नशीब असलं तर आखूड कानाचं घुबड. उत्तरेकडून येणारं, झाडावर बसण्यापेक्षा गवतात जमिनीवर बसणारं. यादीवाल्यांचं ते झालेलं नव्हतं. हे त्यांच्या आयुष्यातलं दुःख आहे आणि ते ह्या विषयावर वाढदिवसालाही बोलतात.

तिघंही ओळीने उभे राहून पश्चिमेकडे दुर्बिणी लावून होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जरा तिकडे तोंड करून उभे राहा सगळे. मी आले." ह्या छंदातल्या कुठल्याच पुस्तकात हा विषय नसतो. पहाटे पाचला निघालेल्या बाईने दिवसभरात जायचं कुठे? पुरुषांना सबंध महाराष्ट्र मोकळा असतो. वहिनी हातात पाण्याची बाटली घेऊन दूरच्या तरवडाच्या झुडपांकडे गेल्या. आम्ही सभ्यपणे भोवत्या बघत राहिलो.

एक किंकाळी आली. मग वहिनी आल्या. पदर सावरत, चिडलेल्या.

"घुबड होतं मेलं! पायाशीच! एवढ्या जोरात उडालं की बाटली पडली माझी."

यादीवाल्यांच्या हातातून दुर्बीण सुटली. गळ्यात पट्टा होता म्हणून वाचली. "केवढं होतं?"

"कोंबडीएवढं असेल."

"डोळे?"

"पिवळेधमक. आणि भोवती काजळ फिसकटल्यासारखं. रात्रभर रडल्यासारखं."

कुणीच काही बोललं नाही. आखूड कानाच्या घुबडाची पुस्तकातली खूण हीच: पिवळे डोळे, भोवती काळी वलयं. ह्यापेक्षा नेमकं वर्णन परीक्षकानेही मागितलं नसतं.

"कान होते का? डोक्यावर, बारीक?"

"मी त्याचे कान कशाला बघू? ते माझ्याकडे बघत होतं!"

पुढचा दीड तास आम्ही हात-हात अंतर ठेवून तरवड आणि गवत पिंजून काढलं. मेंढपाळाने विचारलं, काय हरवलं? सांगितलं. तो म्हणाला, "घुबड व्हय? हाय की. मेंढरं गेली की उठतंय." कुठे, असं विचारल्यावर त्याने हाताने सगळा माळ दाखवला. लेन्सवाल्यांच्या कॅमेऱ्यात अख्ख्या दुपारचे भोवत्यांचे फोटो होते, सगळे पाठमोरे. यादीवाल्यांनी नाइलाजाने ईबर्ड उघडलं. पण न पाहिलेला पक्षी स्वतःच्या नावावर लिहिता येत नाही, एवढा त्यांचा धर्म शाबूत आहे.

"वहिनी, तुमचं खातं उघडू का? दोन मिनिटांत होतं. तुमची नोंद होईल. तालुक्यातली महत्त्वाची नोंद आहे."

"उघडा."

"निरीक्षणाचा प्रकार विचारतंय. एका जागी थांबून, की चालत, की इतर काम करता करता सहज?"

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या घुबडाने त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल त्याची आम्हाला कल्पना आली. खातं उघडलं गेलं नाही. त्या माळावर त्या दिवशी आखूड कानाचं घुबड होतं, ह्याची जगात कुठेही नोंद नाही.

गाडी निघाली. चौफुल्याला लोक एरवी वेगळ्या कलेसाठी थांबतात. आम्ही चहासाठी थांबलो. लायफर ज्याला मिळाला त्याने पार्टी द्यायची, असा मंडळींत जुना नियम आहे. टिलव्याचा चहा यादीवाल्यांनी पाजला. नवख्याचे बावीस लायफर झाले होते, पण गाडी त्याची असल्यामुळे त्याला सूट. मग लेन्सवाल्यांनी, अजून थोडं खुपत असलेल्या आवाजात, विषय काढला की आजच्या सगळ्यात मोठ्या पक्ष्याची पार्टी घरातूनच यायला हवी.

"देते की," वहिनी म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी एखादा असा दुर्मिळ पक्षी शोधा, जो स्वच्छ संडास असलेल्या जागी बसतो."

यादीवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि यवतच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर आजवर कुणी काय काय पाहिलं आहे, ते फोनवर शोधायला लागले.